मध्ययुगातली चरबी, खायची की जाळायची? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मध्ययुगीन युरोपाबद्दल बोलायला बसलं की लोक किल्ले, प्लेग आणि तलवारी विचारतात. मी चरबीवर घसरते. मग ऐकणारा आधी नाक मुरडतो आणि नंतर एकामागून एक प्रश्न विचारत सुटतो. ते प्रश्न आणि माझी उत्तरं इथे एकत्र केली आहेत. शाकाहारी वाचकांनी जेवण आटपून वाचावं.

मध्ययुग म्हणजे नेमका कुठला काळ, कुठला प्रदेश?

ढोबळमानाने ५वं ते १५वं शतक. इथली बहुतेक उदाहरणं इंग्लंड, फ्रान्स आणि जर्मन मुलखातली आहेत. एकदा बगदादला चक्कर मारू.

चरबी चरबीत फरक असतो का?

असतो, आणि सगळा खेळ त्या फरकावरच चालतो. गाय, बैल, मेंढी यांची चरबी थंड झाली की घट्ट, ठिसूळ होते. इंग्रजीत तिला टॅलो म्हणतात. डुकराची चरबी, म्हणजे लार्ड, मऊ राहते, बोटाने उचलता येते. बदक-हंसाची त्याहून पातळ. घट्ट ती दिव्याला, मऊ ती पोटाला आणि मलमाला, अशी साधारण वाटणी होती. मेणबत्तीसाठी मेंढीची चरबी सर्वांत चांगली, त्याखालोखाल गाईबैलांची. डुकराची वापरली तर मेणबत्ती ओघळते, धूर करते आणि वास मारते.

जनावरातून निघालेली चरबी तशीच वापरत नसत. ती बारीक चिरून मंद आचेवर कढवायची. आपण लोणी कढवतो तसंच. वर स्वच्छ चरबी येते, खाली कुरकुरीत चोथा राहतो. तुपाची बेरी आपल्याकडे मुलांच्या वाटणीला येते, तिथला चोथा माणसं खात, उरला तर कुत्र्यांना घालत.

चरबी एवढी मोलाची होती? ती तर आपण मटणातून काढून टाकतो.

आपल्याकडे तेलाची पिशवी वाण्याकडे मिळते म्हणून. उत्तर युरोपात ऑलिव्ह पिकत नाही. थंडीत दुपारी चारला अंधार पडतो. अशा ठिकाणी जेवणातली स्निग्धता, रात्रीचा उजेड, चाकाचं वंगण आणि कातड्याचं तेलपाणी हे सगळं एकाच गोळ्यातून निघायचं. आणि तो गोळा वर्षातून एकदा हाती यायचा.

कारण असं की हिवाळाभर पुरेल एवढा चारा नसायचा. शरद ऋतूत डुकरांना रानात ओकची फळं खायला सोडायची, ती फुगली की नोव्हेंबर-डिसेंबरात कापायची. जुन्या इंग्रजीत नोव्हेंबरचं नावच 'बळींचा महिना' असं होतं. १०८६ साली इंग्लंडच्या राजाने देशभराची मोजदाद करून जे डूम्सडे बुक तयार करवलं, त्यात काही परगण्यांतलं जंगल एकरांत मोजलेलं नाही. या रानात इतकी डुकरं पोसतात, असं लिहून ठेवलं आहे. जंगलाचं माप म्हणजे डुक्कर!

त्याही आधी, इ. स. ८००च्या सुमारास, पश्चिम युरोपचा बादशहा शार्लमेन याच्या जहागिरींसाठी जो हुकूमनामा निघाला त्यात पुष्ट मेंढ्यांची आणि डुकरांची चरबी करावी, आणि दर जहागिरीवर किमान दोन माजवलेले बैल असावेत, असं कलम आहे. ते बैल तिथेच चरबीसाठी कापायचे किंवा राजाकडे धाडायचे. दुसऱ्या कलमात चरबी, खारवलेलं मांस, लोणी, चीज हे हाताने करायचे जिन्नस अत्यंत स्वच्छतेने करावेत अशी ताकीद आहे. बादशहाने स्वयंपाकघरात डोकावून बोलावं तसं.

मेणबत्त्या मेणाच्या नव्हत्या का?

चर्चमध्ये आणि बड्या घरी होत्या. मधमाशांचं मेण महाग, चरबीच्या कितीतरी पट. देवळातल्या वेदीवर मात्र मेणच लागायचं, तिथे चरबी चालत नसे. मधमाशी कुमारी राहूनच वंश वाढवते असा समज होता, म्हणून तिचं मेण पवित्र. बाकी घर, दुकान, गोठा, दारूचा गुत्ता चरबीच्या बत्तीवर.

लंडनमध्ये दोन्हींचे कारागीर वेगळे आणि त्यांच्या संघटनाही वेगळ्या. चरबीवाल्यांना १४६२ साली चौथ्या एडवर्डने सनद दिली, मेणवाल्यांना १४८४ साली तिसऱ्या रिचर्डने. एक पवित्र, एक ओशट, पण सनद ओशटाला आधी मिळाली, हे मला फार आवडतं.

चरबीची बत्ती लावली आणि विसरलं, असं चालत नसे. आजची वात वेणीसारखी गुंफलेली असते, जळताना वाकते आणि तिचं टोक ज्योतीबाहेर जाऊन राख होतं. ही युक्ती १९व्या शतकातली. त्याआधीची वात सरळ उभी राहायची, टोकाला काजळीची गाठ धरायची, ज्योत लाल व्हायची आणि चरबी एका बाजूने ओघळायची. म्हणून दर थोड्या वेळाने कात्रीने वात खुडावी लागे. समईची वात सारणाऱ्यांना हे सांगायला नको, फक्त इथे विसरलात तर अर्धी बत्ती टेबलावर.

आणि वास?

वास होताच. चरबीच्या रेणूत आम्लांबरोबर ग्लिसरीन असतं. वात विझताना ते अर्धवट तापतं आणि त्यातून डोळे झोंबवणारा वायू निघतो. तवा जास्त तापून तेल धुरावतं तेव्हाचा ठसका तोच. मेणात ग्लिसरीन नसतं, म्हणून मेणाची बत्ती गोड वासाची.

गरीब माणसाला तीही परवडत नसेल तर?

मग लव्हाळ्याचा दिवा. मध्ययुगातल्या माझ्या सर्वांत आवडत्या वस्तूंपैकी ही एक.

उन्हाळ्यात ओढ्याकाठची लव्हाळी कापायची, पाण्यात भिजवायची आणि सोलायची. साल काढताना एक बारीक पट्टी मुद्दाम ठेवायची, नाहीतर आतला पांढरा भुसभुशीत गर उभा राहत नाही. मग वाळवायची आणि वितळलेल्या चरबीतून एकदाच ओढून काढायची. झाली बत्ती. लोखंडी चिमट्यात तिरकी धरून लावायची. जळत आली की वर सरकवायची.

याचा हिशेब आपल्याला १८व्या शतकात मिळतो, पण पद्धत जुनीच. सेलबॉर्न गावात राहणारे पाद्री गिल्बर्ट व्हाइट यांनी घड्याळ लावून मोजलं आणि १७८९ साली छापलं. सुमारे ७२ सेंटिमीटर लांबीचं एक लव्हाळं तासाला तीन मिनिटं कमी इतकं जळलं. एक पौंड सुक्या लव्हाळ्यांत १,६०० काड्या बसतात आणि त्यांना सहा पौंड चरबी पुरते. म्हणजे पावणेतीन किलो चरबीत शेकडो तासांचा उजेड. काटकसरी घरधनीण तर डुकराचं मांस उकडताना वर आलेला तवंगच यासाठी राखून ठेवायची, असंही ते सांगतात. जेवणही झालं आणि दिवाही.

तुम्ही स्वतः करून बघितलंय का?

हो, आणि चूक केली ती एप्रिलमध्ये पुण्यात करून.

मटणवाल्याकडे गुर्द्याभोवतीची अर्धा किलो चरबी मागितली. "कुत्र्याला का, ताई?" म्हणून त्याने पैसेही घेतले नाहीत. गॅलरीत शेगडी मांडून जुन्या पातेल्यात कढवली. तासाभराने शेजारच्या काकूंनी खिडकी लावून घेतली, त्यावरून काय ते समजा. गाळल्यावर चरबी सोनेरी दिसत होती, थंड झाल्यावर पांढरीशुभ्र, खडीसाखरेसारखी टणक. इथवर मी खूश.

लव्हाळं काही जमलं नाही. आमच्या नाल्याकाठी मिळतं ते वेगळ्या जातीचं, देठ तीनधारी, गर निघता निघेना. शेवटी समईची लांब वात घेतली आणि बुडव, काढ, थांब, पुन्हा बुडव, असं सुरू केलं. दर वेळी कागदाएवढा थर चढतो. पण चरबी निवायला तयारच नाही, कारण हवाच गरम. फ्रीजमध्ये ठेवून ठेवून वीसेक थर चढवले. संध्याकाळी उभी करून लावली तर बत्तीने हळूहळू कंबरेत वाकून नमस्कार केला. उजेड मात्र खरंच पडला, चण्याएवढ्या ज्योतीचा, पण पुस्तकातली अक्षरं वाचता येतील एवढा.

उरलेली बत्ती ओट्यावर विसरले. सकाळी पाहिलं तर एका बाजूने कुरतडलेली. मध्ययुगीन घरात बत्त्या झाकणाच्या पेटीत घालून भिंतीवर उंच का टांगत, ते तेव्हा कळलं. उंदराच्या दृष्टीने तो खाऊच.

मग माणसं भुकेली असताना बत्त्या खात का?

शुद्ध चरबी आहे, खाता येते, अडचणीत कोणीही खाईल. पण मुळात प्रश्न उलटा होता. चांगली चरबी जाळायला देणं जिवावर यायचं. म्हणून खवट, जुनी, गाळात गेलेली चरबी दिव्याकडे आणि ताजी ताटाकडे.

ताटात कशी यायची?

पावाला फासून, डाळी-कोबीच्या रश्शात डुकराच्या चरबीचा तुकडा टाकून, आणि कोरड्या मांसात चरबीच्या पट्ट्या सुईने ओवून. सशाचं किंवा हरणाचं मांस भाजताना कोरडं पडतं, त्यावर हा उपाय. नैर्ऋत्य फ्रान्समध्ये बदक-हंसाचं मांस त्याच्याच चरबीत शिजवून मडक्यात भरत आणि वर चरबीचा जाड थर ओतत. हवा आत जात नाही, मांस महिनोन्महिने टिकतं. आपल्या लोणच्यावर तेलाचा थर असतो, तसंच.

बगदादमध्ये मेंढी वेगळी आणि चवही वेगळी. तिथल्या मेंढीच्या शेपटीत चरबीची पिशवी असते. १२२६ साली बगदादी या लेखकाने लिहिलेल्या पाककृतींच्या ग्रंथात कितीतरी कृती एकाच वाक्याने सुरू होतात. शेपटीची चरबी चिरून वितळव, चोथा काढून टाक, मग मांस घाल. आपल्याकडे 'तेल तापवून मोहरी टाका' म्हणतात तसं. युरोपातले ज्यू डुकराला हात लावत नसत आणि मांसाबरोबर लोणीही चालत नसे. त्यांनी हंसाची चरबी धरली, ती आजतागायत.

ख्रिस्ती उपासाच्या दिवसांत काय करत?

इथे गंमत आहे. ईस्टरच्या आधीचे चाळीस दिवस, शिवाय शुक्रवार आणि इतर वार, मांस बंद. म्हणून चरबी बंद. बऱ्याच काळ लोणीही बंद. दक्षिणेकडच्यांना ऑलिव्हचं तेल होतं, उत्तरेकडच्यांनी करायचं काय? दूरवरून आलेलं, महाग आणि बहुधा खवट तेल विकत घ्यायचं.

उपास सुरू होण्याच्या आदल्या मंगळवारी घरातली उरलीसुरली चरबी संपवून टाकायची. फ्रेंचमध्ये त्या दिवसाला मार्दी ग्रा म्हणतात, शब्दशः 'चरबट मंगळवार'. श्रावणाआधी गटारी साजरी करणाऱ्या माणसाला आणखी काही समजावून सांगायला लागू नये.

लोणी खायची सवलत चर्चकडून पैसे देऊन मिळवता यायची. फ्रान्समध्ये रुआँच्या कॅथिड्रलचा एक मनोरा १५व्या शतकाच्या अखेरीस उभारायला घेतला. अशा सवलतीच्या पैशांतून तो बांधला म्हणून त्याला आजही लोण्याचा मनोराच म्हणतात. १५२० साली जर्मन धर्मसुधारक मार्टिन ल्यूथरने याच गोष्टीवर तोंडसुख घेतलं. रोममधले लोक ज्या तेलाने आपले जोडेही माखणार नाहीत ते आम्हाला खायला लावतात आणि मग लोणी खायची मोकळीक विकतात, असा त्याचा सूर.

त्या चाळीस दिवसांत चरबी खाणं पाप, पण तीच चरबी दिव्यात जाळायला हरकत नाही. रात्री बत्तीकडे बघून कुणाच्या तोंडाला पाणी सुटलं असेल का, असा विचार माझ्या मनात येतो.

साबण खरंच चरबीचा करायचे?

हो. लाकडाची राख पाण्यात भिजवून गाळली की क्षाराचं पाणी मिळतं. ते चरबीबरोबर तासन्‌तास उकळलं की साबण. लाकडाच्या राखेत पोटॅशियम असतं, त्यामुळे उत्तरेचा साबण मऊ, लापशीसारखा, मडक्यात ठेवायचा. स्पेन आणि सीरियात ऑलिव्हचं तेल आणि खाऱ्या वनस्पतींची सोडियमयुक्त राख, म्हणून तिथली वडी घट्ट आणि पांढरी. श्रीमंत लोक ती मागवत. १२व्या शतकाच्या अखेरीस एका इंग्रज बखरकाराने टोमणा मारला आहे की ब्रिस्टलमध्ये साबणवाला नाही किंवा कधी नव्हता असा माणूसच नाही. चरबीचा साबण अंगाला फारसा नव्हे, मुख्यतः कपड्यांना आणि लोकरीला.

रोमजवळच्या सापो नावाच्या डोंगरावर बळी दिलेल्या जनावरांची चरबी आणि राख वाहून आली आणि साबण सापडला, ही इंटरनेटवरची गोष्ट विसरा. असा डोंगर कुणाला सापडलेला नाही. शब्द मात्र खरा आहे. पहिल्या शतकात रोमन लेखक प्लिनी लिहितो की 'सापो' हा गॉल लोकांचा, म्हणजे आजच्या फ्रान्सकडच्या जुन्या रहिवाशांचा शोध, चरबी आणि राखेपासून केलेला, आणि त्याचा उपयोग ते केस तांबूस करायला करतात. तोच शब्द अरबीत साबून झाला, पोर्तुगीजांच्या तोंडी सबांव झाला आणि आपल्या न्हाणीघरात साबण.

गाडीच्या चाकाला काय लावत?

डुकराची चरबी. लाकडी आस लाकडी तुंब्यात फिरतो. वंगण नसेल तर किंचाळतो, तापतो आणि शेवटी झिजून जातो. जहागिरीच्या हिशेबवह्यांत गाड्यांसाठी चरबी खरेदी केल्याच्या नोंदी नेहमी सापडतात. आपल्या बैलगाडीखाली वंगणाचं नळकांडं टांगलेलं असायचं, त्यात बहुधा एरंडेल. काम तेच.

लॅटिनमध्ये डुकराच्या चरबीचा एक शब्द आहे, अक्सुंगिया. अक्सिस म्हणजे आस, उंगेरे म्हणजे माखणे. आसाला माखायचं ते. पुढे वैद्यांनी मलमात घालायच्या चरबीलाही हाच शब्द वापरला. म्हणजे रोग्याच्या छातीला लावायचं तेही नावाने गाडीचं वंगणच.

औषधात नक्की कशासाठी?

मलम करायला काहीतरी तेलकट आधार लागतोच, तो चरबी देते. वनस्पती त्यात कुटायच्या, तापवायच्या, गाळायच्या. एवढं समजण्यासारखं आहे. पुढे मात्र अस्वल, बिज्जू, साळू, साप असे सगळे प्राणी रांगेत उभे राहतात, प्रत्येकाच्या चरबीचा गुण वेगळा.

घसा सुजून गळू झालं तर काय करावं, याची १४व्या शतकातली एक इंग्रजी कृती थोडक्यात देते. एक लठ्ठ मांजर घ्या, सोलून साफ करा. साळूची चरबी, अस्वलाची चरबी, राळ, मेथी, सेज नावाचा सुवासिक पाला, मेण एकत्र करून हंसात सारण भरतात तसं मांजरात भरा. भाजा. जी चरबी गळेल ती गोळा करून रोग्याला चोळा. कृतीत मेथी बघून मला उगाच घरचं कुणी भेटल्यासारखं वाटलं.

हसण्याआधी एवढं लक्षात घ्यावं की आपल्या आयुर्वेदातही चार स्नेह सांगितले आहेत, तूप, तेल, वसा आणि मज्जा. वसा म्हणजे चरबीच.

मेंढ्यांनाही चरबी लावत, हे खरं?

खरं. १३व्या शतकाच्या अखेरीस इंग्लंडच्या मेंढ्यांत खरजेची साथ पसरली. त्यावर डांबर आणि चरबी एकत्र करून लोकर बाजूला सारत कातडीवर माखायचे. लोकर कापल्यावरही गोष्ट संपत नसे. विंचरताना आणि कातताना तंतू तुटू नयेत म्हणून तिला लोणी किंवा चरबी चोळत, आणि कापड विणून झालं की तीच चरबी खास मातीने तुडवून काढत.

सर्वांत अनपेक्षित उपयोग कुठला?

चर्चची घंटा. १२व्या शतकातला थिओफिलस नावाचा जर्मन मुलखातला साधू घंटा ओतायची कृती देतो. आधी मातीचा गाभा करायचा. त्यावर चरबीच्या सारख्या जाडीच्या पट्ट्या लपेटायच्या आणि कातून गुळगुळीत करायच्या. ही चरबीची घंटा. अक्षरं आणि नक्षी मेणाची. वर पुन्हा मातीचे लेप. मग विस्तव घातला की चरबी वितळून वाहून जाते आणि जी पोकळी राहते तीत कासं ओतायचं. मूर्तिकारांची मेण घालवून ओतायची रीत आपल्याकडेही आहे, पण एवढ्या मोठ्या घंटेला मेण परवडणार कुणाला? ज्या चरबीला वेदीवर जळायला बंदी, तिच्याच आकारात देवळाची घंटा.

युद्धात वापरली का?

तलवारी, चिलखतं गंजू नयेत म्हणून माखायचे, ते रोजचं. पण १२१५ सालचा प्रसंग सांगते. इंग्लंडचा राजा जॉन बंडखोर सरदारांनी धरलेल्या रॉचेस्टरच्या किल्ल्याला वेढा घालून बसला होता. बुरूज पडेना. त्याने पायाखाली सुरुंगाचं भुयार खणवलं, वरचा भार लाकडी टेकूंवर पेलला आणि २५ नोव्हेंबरला आपल्या न्यायाधिकाऱ्याला तातडीचं पत्र धाडलं. रात्रंदिवस प्रवास करून चाळीस डुकरं पाठव, सर्वांत लठ्ठ, पण खायला फारशी चांगली नसलेली. ती पेटवून टेकू जाळले, कोपरा कोसळला. नोव्हेंबर संपता संपता आतले लोक शरण आले. पुढे तो कोपरा दुरुस्त केला तो गोल. आजही किल्ल्याचे तीन कोपरे चौकोनी आणि एक गोल दिसतो.

पत्रातली शेवटची अट पुन्हा वाचा. खुद्द राजा, ऐन वेढ्यात, खायची डुकरं वेगळी आणि जाळायची वेगळी करतोय.

जहाजांवर?

तळाला माखायला. आणि खोली मोजायच्या शिशाच्या वजनाला खालून खळगा असायचा, त्यात चरबी भरायची. समुद्राच्या तळाशी टेकलं की वाळू, शिंपले, चिखल तिला चिकटून वर येई. धुक्यात जहाज कुठे आहे हे अनुभवी नाखवा त्या वाळूच्या रंगावरून सांगायचा.

१८५७ची काडतुसं याच परंपरेतली का?

काळ वेगळा, ते मध्ययुग नव्हे. पण धागा जुळतो. जिथे शेकडो वर्षं गाडी, जोडा, दोर, बंदूक सगळं चरबीनेच माखलं, तिथल्या अधिकाऱ्याला काडतूस चरबीने माखण्यात काही वावगं दिसलं नसावं. ते दाताने तोडणाऱ्या शिपायाला गाय आणि डुक्कर दोन्ही दिसले.

आपल्याकडे चरबीचे दिवे का रूढ झाले नाहीत?

धर्म हे एक कारण, पण एकमेव नाही. आपल्याकडे तीळ, करडई, एरंड, करंज, नारळ. तेल पिकतं. आणि हवा. माझी एप्रिलमधली बत्ती आठवा.

चरबीचं राज्य संपलं कधी?

सुरुवात झाली ती फ्रान्समध्ये. शेव्हरल या रसायनशास्त्रज्ञाने चरबी आम्लांत आणि ग्लिसरीनमध्ये फोडून दाखवली आणि १८२३ साली ते काम प्रसिद्ध केलं. ग्लिसरीन काढून टाकलं की उरलेल्या आम्लांची बत्ती घट्ट, पांढरी आणि वासाविना जळते. शहरांत वायूचे दिवे तोवर आलेच होते, पुढे खनिज तेलातून पॅराफिन आलं, मग वीज. साबणात चरबी अजून आहे. वेष्टनावरची बारीक अक्षरं वाचा, 'सोडियम टॅलोवेट' असं लिहिलेलं काही परदेशी साबणांवर सापडेल. आणि १४६२च्या सनदेची ती लंडनची संघटना अजून चालू आहे. बत्त्या मात्र कुणी करत नाही.